प्लाझात कॅनाबिसचं दुकान येतंय: विरोध कुठे करायचा, कधी आणि कशावर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मध्य न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये राहता. हायवेलगतच्या ज्या प्लाझात तुमच्या मुलीचा कथकचा क्लास आहे आणि शेजारी गणिताच्या शिकवण्या चालतात, तिथल्याच एका रिकाम्या गाळ्यात कॅनाबिसचं, म्हणजे गांजाचं, दुकान काढायचा अर्ज आलाय. पुढच्या महिन्यात प्लॅनिंग बोर्डासमोर सुनावणी आहे. तुम्ही सोसायटीत सह्या गोळा करताय आणि विचारताय, "शाळेपासून हजार फुटांच्या आत असं दुकान चालत नाही ना? मग हे थांबवता येईल का?"

मी याच राज्यात परवानाधारक प्लॅनर, म्हणजे नगररचनाकार, आहे. कधी टाउनशिपसाठी ऑर्डिनन्सचे, म्हणजे स्थानिक कायद्यांचे, मसुदे लिहिते, कधी अर्जदाराच्या बाजूने बोर्डासमोर साक्ष देते, कधी शेजाऱ्यांच्या बाजूने. वकील नाही, त्यामुळे इथलं काहीही कायदेशीर सल्ला म्हणून घेऊ नका. पण या सुनावण्यांमध्ये काय चालतं आणि काय वाया जातं हे जवळून पाहिलंय, त्यावरून सांगते.

तुमची सुनावणी प्लॅनिंग बोर्डापुढे आहे; झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागी काय चालेल याच्या, नियमांतून सूट देणाऱ्या झोनिंग बोर्डापुढे नाही. याचा अर्थ त्या जागी असं दुकान असू शकतं की नाही, हा निर्णय बहुधा आधीच झालेला आहे, आणि तो टाउनशिपच्या कौन्सिलने ऑर्डिनन्स करून घेतलाय. बोर्डाच्या हातात आता उरतं ते दुकान कसं असावं एवढंच. त्यामुळे फक्त सह्यांच्या जोरावर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता फार कमी आहे. तरीही या सुनावणीत तुम्हाला बरंच काही मिळवता येतं, आणि टाउनशिपचे पुढचे नियम बदलायला तर अजून पुष्कळ वाव आहे. लोक हे दोन्ही सोडून तिसऱ्याच मुद्द्यावर ताकद खर्च करतात, म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला बसले.

मुळात निर्णय कसा झाला ते पाहू. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू जर्सीच्या सुमारे ६७ टक्के मतदारांनी प्रौढांसाठी कॅनाबिस कायदेशीर करायला कौल दिला. २२ फेब्रुवारी २०२१ ला गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यावर सही केली. त्या कायद्याने प्रत्येक गावाला १८० दिवस दिले, म्हणजे २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत. तेवढ्यात गावाने पूर्ण बंदी घालायची, किंवा संख्या, जागा, वेळा ठरवून परवानगी द्यायची. यातलं काहीच केलं नाही तर लागवड आणि उत्पादन औद्योगिक झोनमध्ये आपोआप मान्य होणार होतं आणि किरकोळ विक्री सगळ्या व्यापारी झोनमध्ये 'कंडिशनल यूज', म्हणजे ठरावीक अटींवर मान्य वापर, ठरणार होती. तेही पाच वर्षांसाठी. त्या काळात गावाला मागे फिरता येणार नव्हतं.

म्हणून त्या उन्हाळ्यात बहुसंख्य गावांनी बंदीचा ठराव केला. त्यातल्या अनेकांचा विरोध मनापासून होता, पण अनेकांनी केवळ सावधगिरी म्हणून तो केला. आज बंदी घातली तर उद्या ती उठवता येते, गप्प बसलो तर मात्र पाच वर्षं अडकतो, असा साधा हिशोब होता. उलट ज्यांनी परवानगी दिली त्यांच्यापुढे विक्रीवर २ टक्क्यांपर्यंत स्थानिक कर लावायची मुभा होती. एप्रिल २०२२ मध्ये राज्यात प्रौढांसाठी विक्री सुरू झाली, तेव्हा मोजक्या गावांपुढे रांगा लागल्या, आणि त्या रांगांचे फोटो अजूनही प्रत्येक सुनावणीत कोणीतरी दाखवतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गावाने बंदी घातली तरी दुसऱ्या गावातल्या परवानाधारकाने घरपोच माल आणून देणं गावाला रोखता येत नाही. म्हणजे झोनिंगचा वाद हा गावात कॅनाबिस येणार की नाही याचा कधीच नव्हता. कुठल्या जमिनीवर, कुठल्या रस्त्यावर, कोणाच्या शेजारी, एवढाच तो आहे. वाद या चौकटीत ठेवला की बोर्ड तुमचं नीट ऐकतं.

आता तुमच्या टाउनशिपचं काय, हे सगळं तिच्या ऑर्डिनन्सवर अवलंबून आहे. तो टाउनशिपच्या वेबसाइटवर असतो, जमीन वापराच्या प्रकरणात. त्यात कॅनाबिस रिटेलर हा शब्दप्रयोग शोधा आणि तुमच्या प्लाझाच्या झोनपुढे काय लिहिलंय ते पाहा. शक्यता तीन.

तिथे हे दुकान थेट मान्य वापर असेल, तर बोर्डापुढे फक्त साइट प्लॅन येतो. पार्किंग, दिवे, कचऱ्याची जागा, ये-जा. दुकान नको म्हणून नाही म्हणायचा अधिकार बोर्डाला जवळपास नसतो.

कंडिशनल यूज असेल, तर ऑर्डिनन्समध्ये अटींची यादी असेल: शाळेपासून इतके फूट, दुसऱ्या दुकानापासून इतके फूट, पार्किंगच्या इतक्या जागा. अर्जदार सगळ्या अटी पूर्ण करत असेल तर बोर्डाने मंजुरी दिलीच पाहिजे. एक अट जरी चुकली तर अर्जाला व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, लागतो, तो झोनिंग बोर्डाकडे जातो, आणि तिथे सात सदस्यांपैकी पाच मतं लागतात. म्हणून प्रत्येक अट स्वतः तपासा. अर्जदाराने नकाशावर दाखवलेलं अंतर बरोबर असेलच असं धरून चालू नका.

आणि त्या झोनमध्ये हा वापर मुळातच मान्य नसेल, तर तो थेट यूज व्हेरिअन्स. तिथे अर्जदाराला सिद्ध करावं लागतं की ही जागा या वापराला खास योग्य आहे आणि त्यामुळे शेजाऱ्यांचं वा मास्टर प्लॅनचं (गावाच्या विकास आराखड्याचं) ठळक नुकसान होत नाही. तुमची केस अशी असती तर मी सांगितलं असतं की वर्गणी काढा आणि आपला प्लॅनर उभा करा. पण प्लॅनिंग बोर्डापुढची सुनावणी पाहता ती अशी नसावी.

आता हजार फुटांचं. हा आकडा तुम्ही कुठेतरी ऐकलाय आणि तो खराही आहे, फक्त तो झोनिंगचा नाही. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत अमली पदार्थ विकल्यास शिक्षा वाढवली. १९८७ मध्ये न्यू जर्सीनेही तसाच फौजदारी कायदा केला. शाळांबाहेर लागलेल्या पाट्यांमुळे तो आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला. परवानाधारक दुकानाच्या बाबतीत मात्र न्यू जर्सीच्या कायद्याने शाळेपासूनचं अंतर गावावर सोडलंय. कोणी हजार फूट ठेवतं, कोणी पाचशे, कोणी दोनशे. जर्सी सिटीसारख्या दाट शहराने शाळेपासून दोनशे फूट पुरेसे मानले, आणि दोन दुकानांमध्ये मात्र सहाशे फूट ठेवले. राज्याने स्वतः जी गोष्ट पक्की ठरवली ती वेगळीच आहे: किराणा, खाद्यपदार्थ किंवा दारू विकणाऱ्या दुकानाच्या आत कॅनाबिसचं दुकान असता कामा नये.

इतर राज्यांत बघितलं तर कॅलिफोर्नियात मूळ नियम ६०० फुटांचा आहे आणि तो बदलायची मुभा शहराला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ५०० फूट. वॉशिंग्टनने २०१२ मध्ये हजार फूट ठेवले, पण शाळा, बालवाडी, बागा, ग्रंथालयं, बसस्थानकं असं सगळं धरल्यावर सिएटलमध्ये दुकानाला जागाच मिळेना. शेवटी २०१५ मध्ये शाळा आणि खेळाची मैदानं वगळता बाकी ठिकाणचं अंतर शंभर फुटांपर्यंत कमी करायची मुभा शहरांना द्यावी लागली.

हे अंतर मोजायचं कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. न्यूयॉर्क राज्यात शाळेपासून ५०० फुटांचा नियम आहे. तिथल्या नियामक कार्यालयाने काही वर्षं दुकानाच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत मोजलं. कायद्यात होतं शाळेच्या आवाराच्या हद्दीपर्यंत. जुलै २०२५ मध्ये ही चूक त्यांनी जाहीर केली तेव्हा दीडशेहून अधिक परवानाधारक आणि अर्जदार तिच्यात सापडले होते. चालू दुकानांचे मालक, ज्यांनी कर्ज काढून गाळे सजवले होते, एका पत्राने अधांतरी आले. आपल्याकडचं उदाहरणही आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली, तेव्हा केरळात एका बारने दारासमोर नागमोडी वाट बांधून चालण्याचं अंतर वाढवलं होतं. म्हणून मसुदा लिहिताना मी हद्दीपासून हद्दीपर्यंत की दारापासून दारापर्यंत, सरळ रेषेत की चालायच्या वाटेने, हे स्पष्ट लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. तुमच्या ऑर्डिनन्समध्ये हे वाक्य आहे का, ते नक्की बघा. नसेल तर सुनावणीत विचारायचा हा पहिला प्रश्न.

कथकचा क्लास आणि शिकवणी यांचं काय? बहुतेक ऑर्डिनन्समध्ये शाळा म्हणजे प्राथमिक ते बारावीपर्यंतची सरकारी वा खाजगी शाळा. काही गावं परवानाधारक पाळणाघरही धरतात. नृत्याचे वर्ग, कराटे, गणिताच्या शिकवण्या, रविवारी चर्चच्या तळघरात भरणारी आपली मराठी शाळा, हे त्यात सहसा येत नाही. तुम्हाला हे चुकीचं वाटेल. एका पालकाच्या नजरेतून ते मलाही खटकतं, कारण आपल्या मुलांची संध्याकाळ शाळेच्या आवारापेक्षा अशा प्लाझांमध्येच जास्त जाते. तरीही ऑर्डिनन्स लिहिताना असे क्लास त्या यादीत घालायला मी बहुधा विरोध करते. त्याचं कारण नीट सांगायला हवं.

अंतराचं वर्तुळ कागदावर लहान दिसतं. हजार फुटांच्या त्रिज्येचं वर्तुळ सुमारे ७२ एकरांचं होतं, तेही एका बिंदूपासून मोजलं तर. शाळेचं आवार वीस एकरांचं चौकोनी असेल आणि हद्दीपासून मोजलं, तर एकट्या शाळेमुळे जवळपास १७८ एकर जमीन बाद होते. टाउनशिपमध्ये अशा आठ-दहा शाळा, त्यात पाळणाघरं, देवळं, चर्च, बागा घाला. मग त्यात प्रत्येक प्लाझातले क्लास घाला. नकाशावर उरते ती हायवेच्या पलीकडची, रेल्वे रुळांलगतची, गोदामांशेजारची पट्टी. आणि तिथेही माणसं राहतात. बहुतेक गावांमध्ये तिथली घरं भाड्याची असतात, तिथल्या रहिवाशांना संध्याकाळी सात वाजताच्या सुनावणीला यायला सवड नसते, आणि त्यांच्या वतीने कोणी प्लॅनर उभा करत नाही. मी जेव्हा कौन्सिलपुढे बफरचा, म्हणजे अशा राखीव अंतरांचा, नकाशा ठेवते, तेव्हा उरलेली जमीन गडद रंगाने दाखवते आणि विचारते, आपण दुकान नक्की कोणाच्या शेजारी पाठवतोय? हा प्रश्न विचारल्याशिवाय बफर वाढवू नये असं माझं ठाम मत आहे. ज्या वस्त्यांनी गांजाच्या अटकसत्राची सगळ्यात जास्त झळ सोसली, त्याच वस्त्यांमध्ये आता सगळी दुकानं एकवटतात. या राज्यात काळ्या रहिवाशांना यासाठी अटक होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं, सेवनाचं प्रमाण सारखंच असूनही.

दुसरा परिणाम भाड्यावर होतो. नियमात बसणारे तीन-चारच गाळे उरले की त्या गाळ्यांचे मालक वाटेल ते भाडं मागतात. लहान अर्जदार, ज्याला मंजुरीची वाट पाहत महिनोन् महिने रिकाम्या गाळ्याचं भाडं भरावं लागतं, तो त्यात टिकत नाही. मोठी कंपनी टिकते. गावकऱ्यांना शेजारचा ओळखीचा दुकानदार चालला असता, पण कडक बफरमुळे तोच आधी बाहेर फेकला जातो.

तिसरी अडचण क्लासच्याच बाजूने येते. आज क्लासला संरक्षण दिलं, तर उद्या दुकान आधी उघडल्यावर शेजारी क्लास आला तर काय? आधी आला त्याचा हक्क, असं म्हणावं तर अर्जदार धावपळ करून आधी अर्ज टाकतात. आणि प्लाझाचा मालक जास्त भाडं देणाऱ्या दुकानासाठी क्लासचा करारच वाढवत नाही. म्हणजे ज्याला वाचवायला नियम केला तोच बाहेर.

आता सह्यांकडे येते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सह्यांच्या ताकदीवर विश्वास असतो, आणि त्याला आधारही आहे. दारूच्या दुकानाविरुद्ध गावातल्या वा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. अनेक गावांत बायकांनी याच जोरावर दुकानं हटवली. इथलं प्लॅनिंग बोर्ड त्या अर्थाने मतपेटी नाही. ते न्यायालयासारखं बसतं. शपथेवर साक्ष होते, उलटतपासणी होते. सही करणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून बोर्डाचा वकील सह्यांचा गठ्ठा पुरावा म्हणून स्वीकारू देत नाही. चारशे सह्या घेऊन आलेल्या माणसाला ही गोष्ट भर सभेत कळते तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नाही. त्या चारशे जणांपैकी पाचजण स्वतः येऊन शपथेवर नेमकं बोलले, तर त्याचं वजन कितीतरी जास्त असतं.

नेमकं म्हणजे काय? 'इथे वाईट लोक येतील' हे नेमकं नाही. 'शनिवारी सकाळी दहा ते एक क्लासच्या वेळी प्लाझाची पार्किंग भरलेली असते, हे मी चार शनिवार मोजलंय, हे फोटो' हे नेमकं आहे. वाहतूक अभियंते जे ट्रिप जनरेशनचं (कशामुळे गाड्यांच्या किती फेऱ्या होतात याचं) मॅन्युअल वापरतात त्यात कॅनाबिस दुकानाचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि तेवढ्याच चौरस फुटांमागे त्याच्या फेऱ्या साध्या प्लाझातल्या दुकानापेक्षा कित्येक पट जास्त धरल्या जातात. अर्जदाराच्या अहवालात तो प्रकार वापरलाय की साधं दुकान धरलंय, हे विचारा. साधं दुकान धरलं असेल तर तुमच्या हाती खरा मुद्दा आहे.

याच सुनावणीत तुम्ही अटी मागू शकता आणि बोर्ड त्या देतं, कारण अर्जदारालाही मंजुरी हवी असते. मी शेजाऱ्यांच्या बाजूने असते तेव्हा हे मागते: मालाची गाडी क्लासच्या वेळात येणार नाही. मागच्या दारावर दिवे हवेत, पण ते घरांच्या खिडक्यांवर पडणार नाहीत. पहिले काही महिने पार्किंगमध्ये माणूस उभा राहील. रांग दुकानाच्या आतच राहील, क्लासच्या दारासमोर येणार नाही. पाटी साधी असेल, काचेतून माल दिसणार नाही. आवारात ओढणाऱ्यांना हटवायची जबाबदारी दुकानाची असेल, आणि तक्रारीसाठी व्यवस्थापकाचा फोन नंबर शेजाऱ्यांना दिलेला असेल. हे सगळं ठरावात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही. वासाची भीती बरेच लोक बोलून दाखवतात, पण वासाचा खरा त्रास लागवडीच्या आणि प्रक्रियेच्या जागी होतो. सीलबंद माल विकणाऱ्या दुकानाबद्दल त्यावर वेळ घालवू नका.

गुन्हे वाढतात, घरांच्या किमती पडतात, या दोन मुद्द्यांवर मी शेजाऱ्यांना सावध करते. त्याबद्दलचे अभ्यास एका दिशेने बोलत नाहीत. लॉस एंजेलिसने २०१० मध्ये शेकडो दुकानं बंद करायला लावली, आणि त्यावरच्या २०१७ साली छापून आलेल्या अभ्यासात बंद झालेल्या दुकानांच्या अगदी आसपास गुन्हे उलट वाढलेले दिसले, बहुधा रस्त्यावरची वर्दळ आणि पहारा कमी झाल्यामुळे. अर्जदाराचा तज्ज्ञ हेच अभ्यास घेऊन येईल, आणि तुमची बाजू तिथेच ढिली पडेल. खरी काळजी रोख पैशांची आहे. केंद्र आणि राज्याचे कायदे जुळत नसल्याने बँका आणि कार्ड कंपन्या हात आखडता घेतात, म्हणून या दुकानांत रोकड जास्त असते. रोकड नेणारी गाडी कधी येते, कुठे थांबते, असे प्रश्न विचारलेत तर पोलिसांचा प्रतिनिधीही तुमच्या बाजूने कान देईल.

हे झालं या अर्जाचं. तुमचा खरा आक्षेप नियमालाच असेल, तर बोर्ड सोडा आणि कौन्सिलकडे जा. मात्र एक ध्यानात ठेवा: २०११ पासून या राज्यात अर्ज ज्या दिवशी दाखल होतो त्या दिवशीचा ऑर्डिनन्स त्याला लागू होतो. आता नियम बदलला तरी हा अर्ज जुन्याच नियमावर चालेल. बदल पुढच्या अर्जांसाठी. बरेच विरोधक नेमका इथेच वेळ गमावतात, कारण ऑर्डिनन्स पहिल्या वाचनाला येतो तेव्हा सभागृहात चार माणसं असतात आणि अर्ज येतो तेव्हा चारशे.

तुमच्या टाउनशिपने २०२१ मध्ये काहीच ठराव केला नसेल, तर तिची पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये पूर्ण होतात आणि पुन्हा १८० दिवसांची मुदत मिळते. ठराव केला असेल, तर तो नेहमीच्या रीतीने दुरुस्त करता येतो. दुरुस्तीचा मसुदा प्लॅनिंग बोर्डाकडे मास्टर प्लॅनशी जुळतो का हे बघायला जातो, बोर्डाला ३५ दिवस असतात, आणि मग दुसऱ्या वाचनाला जाहीर सुनावणी होते. तिथे सह्यांना खरंच किंमत आहे. झोनिंगमधल्या बदलाला त्या जमिनीच्या किंवा तिच्याभोवतीच्या दोनशे फुटांतल्या जमिनीच्या २० टक्के क्षेत्राच्या मालकांनी लेखी हरकत घेतली, तर तो बदल मंजूर व्हायला कौन्सिलच्या सर्व सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. लक्षात घ्या, मोजणी सह्यांची नसून क्षेत्रफळाची आहे, आणि सही मालकाची लागते. भाडेकरूच्या सहीने इथे काही होत नाही.

कौन्सिलकडे जाल तेव्हा फक्त 'आमच्याकडे नको' म्हणू नका. नकाशा घेऊन जा आणि कुठे चालेल ते सांगा. हायवेच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या वेळात, एकूण किती दुकानं. मी स्वतः दुकानांची संख्या मर्यादित ठेवणं आणि दोन दुकानांमध्ये अंतर ठेवणं, हे शाळेच्या मोठ्या बफरपेक्षा जास्त उपयोगी मानते, कारण त्याने एकाच रस्त्यावर गर्दी होत नाही आणि एकाच वस्तीवर भार पडत नाही.

संख्या मर्यादित केली की निवड करावी लागते, आणि निवड कशी होते यावर डोळा ठेवा. राज्याच्या परवान्यासाठी गावाचा पाठिंब्याचा ठराव लागतो. तो कोणाला द्यायचा याचे निकष लेखी आणि आधी जाहीर झालेले असले पाहिजेत. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर शहराचे माजी महापौर जॅझिएल कोरिया यांना कॅनाबिस व्यावसायिकांकडून पैसे उकळल्याबद्दल २०२१ मध्ये जूरीने दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे व्यवसाय सुरू करायला महापौरांचं ना हरकत पत्र लागायचं आणि ते द्यायचं की नाही हे एका माणसाच्या हातात होतं. तुमच्या टाउनशिपमध्ये गुणांकनाचा तक्ता नसेल तर तो मागा. दुकानाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनाही तो हवा असायला पाहिजे.

कॅनडातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण तिथले नातेवाईक हेच विचारतात. ऑन्टॅरिओत चित्र उलटं आहे. तिथे शाळेपासून १५० मीटरचं अंतर प्रांताने ठरवलंय, आणि कॅनाबिसच्या दुकानांसाठी वेगळं झोनिंग करायचा अधिकार नगरपालिकेला दिलेलाच नाही. २२ जानेवारी २०१९ पर्यंत एकतर पूर्ण नकार द्यायचा होता, नाहीतर सगळं स्वीकारायचं. ब्रॅम्पटनने होकार दिला. मिसिसागाने नकार दिला आणि २०२३ मध्ये तो मागे घेतला. एकदा होकार दिला की परत नकार नाही. तेव्हा तिथे कौन्सिलपुढे बफरवर भांडून उपयोग नाही. परवान्याचा अर्ज आल्यावर दुकानावर फलक लागतो, तेव्हाच्या १५ दिवसांत प्रांताच्या नियामकाकडे हरकत नोंदवायची.

आणि तुमच्यासारख्यांना, विशेषतः जे अजून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांना, एक वेगळीच सूचना. सुनावणीत बोलायला, सही करायला नागरिकत्व लागत नाही आणि त्याने इमिग्रेशनला धक्का बसत नाही. पण अशा दुकानात नोकरी, भागीदारी, गुंतवणूक यांपासून लांब राहा. एप्रिल २०१९ मध्ये केंद्रीय इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेलं कॅनाबिसचं कामही नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतं. प्लाझा किंवा गाळे असलेल्या आपल्या काही लोकांना भाड्याची मोठी रक्कम दाखवून गळ घातली जाते. करार करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

सुनावणीआधी आता एवढं करा. टाउनशिपच्या क्लार्ककडे किंवा बोर्डाच्या सचिवांकडे जाऊन पूर्ण अर्ज, साइट प्लॅन आणि वाहतुकीचा अहवाल बघायला मागा. सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी तो सगळ्यांसाठी खुला ठेवावा लागतो. जागेपासून दोनशे फुटांतल्या सगळ्या मालकांना नोटीस गेली का ते तपासा, कारण नोटिशीत खोट असेल तर सुनावणीच पुढे ढकलावी लागते. सोसायटीच्या नावाने बोलायचं असेल तर वकील लागेल. स्वतःच्या नावाने बोलायला कोणी लागत नाही. क्लासच्या शिक्षकांना सोबत न्या. वेळापत्रक, मुलांची संख्या, पालक कुठे थांबतात, हे त्यांच्याइतकं खात्रीने कोणी सांगू शकणार नाही.

मंजुरी मिळालीच, तर तिचा लेखी ठराव नंतरच्या सभेत होतो आणि वर्तमानपत्रात सूचना छापली जाते. त्या तारखेपासून ४५ दिवसांत कोर्टात आव्हान देता येतं. त्यात पडायचं नसेल तरी ठरावाची प्रत घ्या आणि त्यातली प्रत्येक अट वाचा. दुकान सुरू झाल्यावर एखादी अट मोडताना दिसली तर तारीख, वेळ आणि फोटोसह झोनिंग ऑफिसरकडे लेखी तक्रार करा. राज्याचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, त्यामुळे या तक्रारींची नोंद तुमच्याकडे तारीखवार असू द्या.